वाचक विचारतात : सुष्मिता सेन, तिच्या लेकी आणि आजचे दत्तकाचे नियम

प्रश्न : सुष्मिता सेनने लग्न न करता, ऐन तरुणपणी मुलगी दत्तक घेतली. कायदा तेव्हा परवानगी देत होता, की नटी म्हणून सवलत मिळाली? माझी २४ वर्षांची भाची तेच करायचं म्हणते. (सातारा)

उत्तर : सवलत मुळीच नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात अविवाहित स्त्रीला दत्तक घेण्याचा हक्क होताच. अडचण उलट विवाहितेची होती. नवरा नांदता असेल तर तिला स्वतःच्या नावे मूल घेता येत नसे. ते २०१० च्या दुरुस्तीने बदललं.

सुष्मिता १९९४ मध्ये मनिला इथे विश्वसुंदरी झाली तेव्हा अठरा वर्षांची होती. १९९६ मध्ये 'दस्तक', १९९९ मध्ये 'बीवी नंबर वन' आणि त्यासाठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर. दत्तकाची खटपट तिने एकविसाव्या वर्षी सुरू केली आणि चोविसाव्या वर्षी, २००० मध्ये, थोरली लेक रेने घरी आली, असं तिने मुलाखतींत सांगितलं आहे. संस्थेतलं मूल म्हटलं की न्यायालयाची परवानगी लागे. तिथे वडील शुबीर सेन तिच्या पाठीशी उभे राहिले.

पण भाचीला सांगा, आज हे जमणार नाही. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. म्हणजे चोवीस वर्षांच्या सुष्मितालाही आज तान्हं बाळ मिळालं नसतं!

प्रश्न : एक मुलगी असताना दुसरी मुलगीच दत्तक घेता येत नाही ना? मग सुष्मिताची दुसरी लेक अलिसा कशी आली? (ठाणे)

उत्तर : १९५६ च्या कायद्यात ती आडकाठी आजही आहे : मुलगी हयात असेल तर दुसरी मुलगी दत्तक नाही, मुलाचंही तसंच. अनाथ-निराधार मुलांसाठीच्या बाल न्याय कायद्यात मात्र अशी अट नाही. दोन्ही कायद्यांचा मेळ घालून मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये निकाल दिला की अनाथ, सोडून दिलेल्या वा संस्थेकडे सोपवलेल्या मुलांच्या बाबतीत बाल न्याय कायद्याने दुसरी मुलगीही घेता येते. अलिसा सुष्मिताकडे २०१० मध्ये आली.

प्रश्न : सुष्मिताच्या कामात दत्तकाचा विषय कधी आला का? (पुणे)

उत्तर : आला, तोही मराठी वाटेने. २०२३ च्या 'ताली' मालिकेत तिने श्रीगौरी सावंत साकारली; दिग्दर्शन रवी जाधव यांचं. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या गौरी यांनी स्वतः एका मुलीचं आईपण पत्करलं आहे.

प्रश्न : मी ४२ वर्षांची, अविवाहित, नोकरदार. सहा महिन्यांचं बाळ मिळेल? (नाशिक)

उत्तर : नाही. एकट्या पालकाला दोन वर्षांपर्यंतचं मूल हवं असेल तर वयोमर्यादा ४० आहे. तुम्ही दोन ते चार वर्षांच्या गटात बसता, तिथे मर्यादा ४५. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, तेव्हा 'पुढच्या वर्षी बघू' महागात पडतं. (एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत, स्त्रीला मुलगा-मुलगी दोन्ही चालतं.)

नोंदणी फक्त 'कारा'च्या, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर. मग ३० दिवसांत कागदपत्रं चढवायची : पॅन, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. पॅनवर एक आडनाव आणि जन्मदाखल्यावर दुसरं, असं असेल तर आधी ते निस्तरा. त्यानंतर समाजसेविका घरी येते. ती फ्लॅटचे चौरस फूट मोजायला येत नाही. तुम्ही कामावर असताना मूल कोणाजवळ, तुम्हाला काही झालं तर कोण, हे विचारते. ज्या भावाचं वा बहिणीचं नाव सांगणार, त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा. तिचा गृहभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो.

यादीत नंबर लागला की मुलाचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल येतो. होकारासाठी मिळतात ४८ तास. लोकांची फसगत इथेच होते : नोंदवलेला मोबाइल बंद, ईमेल भाच्याचा, बालरोगतज्ज्ञ गावाला. अहवाल कोणाला दाखवायचा ते आजच ठरवा. होकारानंतर ३० दिवसांत संस्थेत जाऊन मुलाला भेटायचं. दत्तकाचा आदेश १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, मुदत दोन महिन्यांची. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी समाजसेविकेची भेट. त्या दिवशी मूल रडलं, चिडलं, भिंतीवर खडूने रेघोट्या मारल्या, तरी तुमचे गुण कापले जात नाहीत.