टोपीपासून चपलेपर्यंत एकच ‘वेअर’?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. सध्या मुलाकडे हनोईला असतो. शेजारची एक मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला येतात. ‘वेअर’ म्हणजे कपडे घालणे, असं मी सांगितलं आणि मुलीनं तिच्या भाषेतला शब्द वहीत लिहून घेतला. तेव्हापासून ‘वेअर अ शर्ट’ ठीक येतं, पण टोपी, चष्मा, बूट आले की गाडी अडते. परवा पुस्तकात ‘शी इज वेअरिंग परफ्यूम’ आलं, तर दोघं पोट धरून हसली. अत्तर काय अंगात घालतात का, म्हणे. कसं समजावू?
– एक वाचक, सांगली (मुक्काम हनोई)

उत्तर : सर, मुलांनी हसावं असंच ते वाक्य आहे! तिनं वहीत ‘मक’ हा व्हिएतनामी शब्द लिहिला असणार. हा ‘मक’ अंगावरच्या कपड्यांपुरता : सदरा, पॅन्ट, स्वेटर, त्यांचा तो लांब अंगरखा, आओ झाय. टोपी आली की क्रियापद बदललं, ‘दोइ’. चष्मा, घड्याळ, अंगठी, कानातलं, तोंडावरचा मास्क या सगळ्यांना ‘देओ’. बूट, चपला, मोजे यांना हनोईत ‘दी’. एरवी हाच ‘दी’ म्हणजे जाणे. टायला गाठ मारायची असते, म्हणून ‘थत’. मफलर गुंडाळायचा, तर ‘क्वांग’. दाढी आपल्यासारखीच ‘ठेवायची’, आणि अत्तर फवारायचं. इतकी क्रियापदं हाताशी असताना तुम्ही तिला एकच इंग्रजी शब्द दिलात आणि तो एकाच खणात ठेवायला लावलात. बाकीचे खण रिकामे राहिले. मग टोपीसाठी ती दुसरा इंग्रजी शब्द शोधणारच.

दक्षिणेत सायगावकडच्या, म्हणजे आजच्या हो चि मिन्ह सिटीकडच्या, मुलांचा घोळ थोडा वेगळा. तिथे बुटांना ‘मांग’ म्हणतात, आणि ‘मांग’चा रोजचा अर्थ नेणे, आणणे, जवळ बाळगणे. त्यामुळे ‘आय ब्रिंग माय शूज टु स्कूल’ असं वाक्य कानावर आलं, तर बूट पिशवीत आहेत की पायात, हे विचारून घ्यावं लागतं. टोपीचंही नाव दोन्हीकडे वेगळं. हनोईत ‘मू’, दक्षिणेत ‘नोन’. हनोईत मात्र ‘नोन’ म्हणजे ती पानांची निमुळती टोपी. मुलीचे आजीआजोबा दक्षिणेतले असतील तर घरात दोन्ही शब्द असतील, तेव्हा तिची चूक काढू नका.

हे सगळं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. आपली नवरी शालू नेसते, मुंडावळ्या बांधते, गजरा माळते, हिरवा चुडा भरते, टिकली लावते, जोडवी घालते आणि शेला पांघरते. जुन्या बायका दागिने ‘लेत’ असत. इंग्रजीत हे सगळं ‘वेअर’ या एका शब्दात उरकतं. ‘साडी घातली’ म्हटलं की आपल्या आजीला जसं खटकतं, तसंच त्या मुलीला ‘टोपी मक’ म्हटल्यावर खटकतं. एखाद्या लग्नातला फोटो मोबाइलवर दाखवा आणि मराठी क्रियापदं मोजून दाखवा. आपल्यासारखेच हेही लोक, असं पोरांना वाटलं की निम्मं काम झालं.

आता वहीतल्या ‘मक’वर काट मारायला सांगा. त्याच्या जागी दुसरा शब्दही लिहायचा नाही. ‘वेअर’ म्हणजे अंगावर आहे, एवढंच. डोक्यावर, नाकावर, बोटात, पायात, कातडीवर. कुठे, ते इंग्रजी विचारत नाही. अत्तरही असंच अंगावर आहे, म्हणून चालतं. चेहऱ्यावरचं हसूही चालतं, पण ते इतक्यात नको.

यावर मी हनोईत शिकवत असताना एकच धडा घेत असे, तोही खिडकीतून. उन्हाळ्यात दुपारी चौकात सिग्नलला थांबलेली स्कूटरवरची बाई बघा. डोक्यावर हेल्मेट (१५ डिसेंबर २००७ पासून देशभर सगळ्या रस्त्यांवर सक्तीचं), डोळ्यांवर गॉगल, नाकाच्या वरपर्यंत कापडी मास्क, बोटांपर्यंत येणारं उन्हाचं जाकीट, आणि पायात अंगठा वेगळा असलेले मोजे, म्हणजे वर सँडल घालता येते. पोरांना आधी त्यांच्या भाषेत सांगू द्या. दोइ, देओ, देओ, मक, दी अशी क्रियापदं धडाधड येतील. मग तीच बाई इंग्रजीत : शी इज वेअरिंग अ हेल्मेट, सनग्लासेस, अ मास्क, अ जॅकेट, सॉक्स अँड सँडल्स. क्रियापद एकदाच, मागून वस्तूंची रांग. आपल्याला एवढ्या कमी शब्दांत जमलं, याचा मुलांना भारी आनंद होतो. जाकिटाचा रंग विचारलात तर जपून. हिरवा आणि निळा या दोघांनाही त्यांच्याकडे ‘सान्य’ म्हणतात. झाडाच्या पानाचा की आकाशाचा, ते पुढे जोडावं लागतं. त्यात शिरलात तर तास त्यातच जाईल.

खरी लढाई पुढे आहे, आणि तिच्याकडे पुस्तकं फार दुर्लक्ष करतात. ‘मक’मध्ये घालण्याची क्रियाही येते आणि अंगावर असण्याची स्थितीही. इंग्रजीत ती दोन वेगळी आहेत. शर्टात हात घालतोय तोवर ‘पुट ऑन’, बटणं लागली की ‘वेअर’. त्यामुळे ‘वेट, आय वेअर माय शूज’ असं दारात वाकून म्हणणारी मुलं तुम्हाला भेटतील. इथे फळा नको. एक टोपी घ्या, हळूहळू डोक्यावर चढवा आणि चढवताना ‘पुटिंग ऑन’ म्हणा. मग हात खाली सोडा, गप्प उभे राहा आणि म्हणा ‘वेअरिंग’. काढताना ‘टेकिंग ऑफ’. काढण्यालाही त्यांच्याकडे वस्तूगणिक वेगळं क्रियापद आहे, कपड्यांना एक, चष्म्याला दुसरं, म्हणून ‘टेक ऑफ’ ऐकून ती पुन्हा एकदा खूश होतील.

या ठिकाणी, सर, मुलांपेक्षा आपणच घसरण्याचा धोका जास्त. ‘त्याने निळा शर्ट घातला आहे’ असं आपण मराठीत म्हणतो आणि तेच इंग्रजीत नेतो : ‘ही हॅज वॉर्न अ ब्लू शर्ट’. आपल्याकडे शिकलेसवरलेलेही सर्रास असं बोलतात. व्हिएतनामी मुलाला ही अडचण नाही. चालू असलेल्या गोष्टीसाठी त्यांच्याकडे क्रियापदाआधी ‘दांग’ लागतो, ‘दांग मक’. त्यावरून ‘इज वेअरिंग’वर ती सहज येतात. तुमच्या तोंडून ‘हॅज वॉर्न’ निघालं तर ती तेच उचलतील, गुरुजींवर त्यांचा फार विश्वास असतो.

‘वेअर’चा दुसरा अर्थ झिजणे, तो सहा महिन्यांनी घ्या. तेव्हा त्यांचीच एक म्हण कामाला येईल : ‘अन चक, मक बेन’. खाणं पोटभरीचं असावं आणि कपडा टिकाऊ. वापर आणि टिकणं-झिजणं यांचं नातं त्या म्हणीत आयतंच आहे. तिथून ‘धिस क्लॉथ वेअर्स वेल’, मग टायर झिजला, ‘वॉर्न’, मग माणूस दमला, ‘वॉर्न आउट’. पायातली जुनी चप्पल उलटी करून टाच दाखवलीत की पुरे.

एक सावधगिरीची सूचना. व्हिएतनामी शब्द स्वतः म्हणून दाखवायचा मोह होईल. ‘मक’ म्हणताना आवाज खाली दाबून तोडायचा असतो. तोच वर चढवलात, तर दक्षिणेत त्याचा अर्थ ‘महाग’ होतो. मुलीलाच म्हणू द्या.

प्रश्न : मी पुण्यातून हो चि मिन्ह सिटीतल्या एका टीमबरोबर काम करते. त्यांचं लिखाण उत्तम असतं, पण कॉलवर ‘शी वेअर ग्लास’, ‘ही वर्क’ असं बोलतात. शेवटचा ‘स’ कुठे जातो? हा आळस आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आळस नाही. त्यांच्या भाषेत अक्षराच्या शेवटी स, झ, फ, ल असे आवाज येतच नाहीत. प, त, क, म, न, ङ यांच्यासारखे मोजकेच चालतात. त्यात क्रियापद कर्त्यानुसार किंवा काळानुसार बदलत नाही. म्हणजे तो ‘स’ जिभेलाही नवा आणि डोक्यालाही. लिहिताना सवड मिळते म्हणून तो येतो.

मदत करायचीच असेल, तर ‘स’ पुढच्या शब्दाला चिकटवायला सांगा : ‘वेअर-सअ-हॅट’. अक्षराच्या सुरुवातीचा ‘स’ त्यांना व्यवस्थित येतो. ‘झ’चा आग्रह धरू नका, सायगावच्या बोलीत तो सुरुवातीलाही नसतो. ‘ग्लास’ म्हणजे चष्मा की काचेचा पेला, हा प्रश्न मात्र कॉलवर लगेच विचारून टाका.

आणि आपला ‘व’ही तपासा. ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ आपण एकाच ओठांनी म्हणतो. पलीकडच्यांना ते कळत नाही, फक्त ते तसं सांगत नाहीत.