खाद्य बंद केलं तरी अमोनिया का उतरत नाही?

भाऊ, शेततळ्यातल्या रोहू-कटल्याचं खाद्य आठवडाभर बंद ठेवूनही किटवर अमोनिया उतरत नाही, आणि गाळाच्या अहवालात तर एकूण नायट्रोजन फक्त ०.३ टक्के, मग हा अमोनिया येतो कुठून, असं तुम्ही विचारलंय. त्या ०.३ मधूनच येतो.

हिशोब करून बघा. सैल गाळाचा ५ सेंमी थर धरला तर चौरस मीटरला कोरडा गाळ साधारण २० किलो भरेल. त्यात नायट्रोजन ६० ग्रॅम. त्यातला एक टक्का जरी सुटला तरी ०.६ ग्रॅम, म्हणजे दीड मीटर पाण्यात लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम.

आता गोम अशी की अहवालातला एकूण नायट्रोजन सहसा केल्डाल नावाच्या पद्धतीने मोजतात; तीत गाळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळतात आणि सेंद्रिय नायट्रोजन अमोनियाच्या रूपात आणून मोजतात. साठा कळतो, तो कशाचा आहे ते कळत नाही. न खाल्लेलं खाद्य, ताजी विष्ठा, मेलेलं शेवाळ यांतली प्रथिनं उन्हाळ्यात भराभर कुजतात. आधी अमिनो आम्लं, मग अमोनिया. उलट ह्युमस झालेला, म्हणजे कुजून कुजून स्थिर झालेला भाग वर्षानुवर्षं ढिम्म हलत नाही, आणि चिकणमातीला घट्ट बसलेली प्रथिनंही जिवाणूंच्या सहज हाती लागत नाहीत. त्यामुळे ०.३ टक्केवाली दोन तळी अगदी उलट वागू शकतात. तुमचं बहुतेक ताज्या मालाचं आहे.

ऑक्सिजन गाळात जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. त्या तपकिरी पापुद्र्यात अमोनियाचं नायट्रेट होतं, ते खाली उतरलं की त्याचा नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ अगदी वरपर्यंत आला असेल तर ही वाट बंद झाली समजा. मासे आत असताना तळ ढवळायचा नाही, कुणी कितीही सांगो.

गूळ टाकू का, हा तुमचा दुसरा प्रश्न. शेतात पाचट गाडल्यावर पीक पिवळं पडतं ना, तेच इथे कामाला येतं: कार्बन मिळाला की जिवाणू अमोनिया उचलून स्वतःच्या अंगात घेतात. पण त्या नादात पाण्यातला ऑक्सिजनही फस्त करतात. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर गुळाचं नावच काढू नका.

कळीचा चुनाही आत्ता नको, त्याने पाण्याचा सामू (pH) चढतो. २५ अंशांवर सामू ८ असताना एकूण अमोनियापैकी ५ टक्क्यांच्या आसपास विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की ३५ टक्क्यांच्या वर. शेवाळामुळे दुपारी सामू आपोआपच चढतो, तेव्हा तुम्ही फक्त सकाळी मोजत असाल तर चारच्या सुमारासही मोजा.

मासे काढल्यावर मातीचा तळ भेगा पडेपर्यंत वाळू द्या. प्लास्टिक अस्तराचं तळं असेल तर सरळ गाळ उपसा. काळी माती अमोनियम धरून ठेवते, ती सोय तिथे नाही. आणि तो गाळ शेतात पसरा, बांधावर नको. पहिल्या पावसात परत तळ्यात येईल.