सुई-दोरा : सतरा चौकोनांचा टॉप

होळी झाली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा नूरच पालटतो. थंडीभर टोप्या, मोजे, बाळाचे स्वेटर. आणि आता सगळ्यांना क्रोशाच्या ग्रॅनी स्क्वेअरचा, म्हणजे मधून बाहेर फेऱ्या घालत विणलेल्या चौकोनांचा टॉप हवा आहे. आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. पहिल्याला उत्तर लांबलं आहे, कारण तिथे चुकलं की पुढचं सगळंच चुकतं.

प्रश्न : ताई, मी सांगलीला कॉलेजात शिकते. आजीने साखळी, खांब (उंच टाका) आणि मुका खांब (बुटका टाका) शिकवलाय, दोन रुमालही विणून झालेत. आता स्वतःसाठी ग्रॅनी स्क्वेअरचा उन्हाळी टॉप करायचाय. छाती ३६ इंच. चौकोन किती लागतील? दोरा कोणता नि किती घेऊ? दुकानदार म्हणतो, मऊ लोकर घ्या, स्वस्त पडेल.

उत्तर : लोकर नको गं. दुकानात आपण सरसकट जिला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक असते. अ‍ॅक्रिलिक घाम शोषत नाही. एप्रिलच्या दुपारी तो टॉप घालून बसस्टॉपवर दहा मिनिटं उभी राहिलीस की कळेल. सुती दोराच घे, शक्यतो मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेला. अशा सुताला ताकद येते आणि रंग चांगला धरतो, हे जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ मध्ये दाखवलं. पुढे तेच सूत ताणून धरून प्रक्रिया करायला लागले तेव्हा त्याला रेशमासारखी चकाकीही आली. रुमालाचा अगदी बारीक दोरा मात्र टॉपला घेऊ नकोस, दिवाळीपर्यंत विणत बसशील. ३ मिलिमीटरच्या सुईला बेताचा बसेल इतका जाड हवा.

आता चौकोन. मुली पाच इंचाचे चौकोन करतात, पुढे चार, मागे चार असे लावतात, आणि गळ्यापाशी अडतात. चारातले मधले दोन सोडले तर गळा दहा इंच रुंद होतो नि टॉप खांद्यावरून घसरतो. म्हणून आडव्या ओळीत चौकोन विषम ठेवायचे. तू साडेसहा इंचाचा एक, असे तीन घे. समोर साडेएकोणीस, मागे साडेएकोणीस, मिळून ३९ इंच. तुझ्या छातीपेक्षा तीन इंच ढिला. उन्हाळ्याला वारा खेळायला एवढं पुरे. उंचीलाही तीन ओळी, म्हणजे परत साडेएकोणीस. मागचे नऊ पूर्ण, पुढच्या वरच्या ओळीतला मधला गाळायचा. नऊ आणि आठ, सतरा. जो गाळला तोच गळा. तुझा खांदा १४ इंचांच्या आसपास असेल, तर दोन्हीकडे पावणेतीन-पावणेतीन इंच दंडावर उतरतील. बाही वेगळी विणायलाच नको.

चौकोन असा : चार साखळ्यांचा गोल, त्यात तीन-तीन खांबांचे चार गट, दोन गटांमध्ये कोपऱ्यासाठी दोन साखळ्या. पुढच्या फेरीपासून प्रत्येक कोपऱ्यात दोन गट आणि मधल्या प्रत्येक फटीत एक. साडेसहा इंच भरायला माझ्या हाताने आठ फेऱ्या लागतात. तुझा हात सैल असेल तर सात, आवळ असेल तर नऊ. फेरी संपली की भाकरी उलटतात तसं काम उलटून पुढची फेरी विण. एकाच बाजूने विणत गेलं की चौकोन हळूहळू पिळवटतो, त्याचे कोपरे घड्याळाच्या काट्यासारखे एकीकडे झुकतात आणि जोडताना कितीही ओढा, सरळ बसत नाहीत.

पहिला चौकोन झाला की लगेच दुसरा घेऊ नकोस, एवढं माझं ऐक. तो पाण्यात बुडव, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढ, उशीवर टाचण्यांनी चौरस ताणून वाळव आणि मग फूटपट्टी लाव. बिनधुतल्या चौकोनाचं माप धरून सतरा विणलेले आणि टॉप दोन इंच मोठा झालेला मी फार वेळा पाहिलाय. माप पटलं की तो चौकोन वजनकाट्यावर ठेव. समजा १४ ग्रॅम भरला, तर सतराचे २३८ ग्रॅम; जोडणी आणि काठासाठी पाचवा हिस्सा वर धर, म्हणजे २८५ च्या आसपास. तीनशे ग्रॅम घे, एकदम घे, आणि सगळ्या गुंड्यांवरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघ. तोच रंग, तीच कंपनी, पण लॉट वेगळा असला तर उन्हात फरक दिसतो.

जोडताना आधी सगळ्या आडव्या शिवणी, मग सगळ्या उभ्या. चार कोपरे एकत्र येतात तिथे दोन्हीकडच्या साखळ्यांतून सुई घाल, नाहीतर प्रत्येक चौकात भोक पडतं. बगलेत खांद्यापासून साडेसात इंच उघडं ठेव. नुसता एक चौकोन सोडला तर साडेसहाच मिळतात आणि काखेत काचतं. गळ्याला मुक्या खांबाची एकच फेरी, फार तर दोन. तो गळा भोवताली २६ इंच आहे, डोकं २२ च्या घरात असतं. चार-चार फेऱ्या घातल्यास तर टॉप डोक्यातून जाणार नाही.

प्रश्न : गेल्या वर्षी हौसेने सुती टॉप केला. शिवून झाला तेव्हा २० इंच उंच होता, दोन धुण्यांत २४ झाला. खांद्यापाशीही लोंबतोय. दोरा खराब लागला का? — ठाण्याहून एक वाचक

उत्तर : दोऱ्याचा दोष नाही, वाळत घालण्याचा आहे. लोकर ताणली तरी आपसूक मागे येते, सुताला तो गुण नाही. त्यात सूत पाणी भरपूर धरतं. ओला टॉप दांडीवर टांगला की ते सगळं वजन खांद्याच्या दोन शिवणींवर येतं. माझ्या भाचीसाठी मी पांढरा टॉप केला होता, जाळीदार, काठाला कैरीच्या रंगाची एक फेरी. तिने प्रेमाने हातावर धुतला आणि हँगरला लावून गॅलरीत ठेवला. संध्याकाळी मी पाहिलं तर दोन्ही खांद्यांवर हँगरच्या टोकांची शिंगं उभी होती आणि खालचा काठ वीतभर उतरलेला. पोर रडवेली झाली. मलाही फार वाईट वाटलं, कारण धुण्याचं मीच सांगायला हवं होतं.

तुमचा टॉप बराचसा परत येईल. पूर्ण भिजवा, पिळू नका, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वरून दाबा. मग सावलीत चटईवर पसरून हाताने वर वर सरकवत २० इंचांच्या मापात आणा आणि पंख्याखाली तसाच वाळू द्या. वाळल्यावर आतल्या बाजूने एका खांद्याच्या टोकापासून मानेमागून दुसऱ्या खांद्यापर्यंत मुक्या खांबाची एक घट्ट ओळ घाला, सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घेऊन. ती ओळ पट्टीसारखी वजन धरते. यापुढे कपाटात घडी करून ठेवायचा, टांगायचा नाही.

आणि टॉप रंगीत असेल तर एक सांगते, याच्याशी थेट संबंध नाही तरी. लाल, किरमिजी, गडद निळा दोरा विणायच्या आधी ओला करून पांढऱ्या कापडात दाबून बघा. कापडावर डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्याशेजारी लावू नका.

प्रश्न : नागपूरच्या उन्हात टॉप घालायचाय, पण जाळीतून सगळं दिसतं. आतून अस्तर लावू का? शिवाय इंग्रजी नमुन्यात कुठे ‘डबल क्रोशे’ म्हणजे खांब, तर कुठे मुका खांब, असं का?

उत्तर : मलमलचं अस्तर लावा, पण फक्त खांद्याला आणि गळ्याला टाचा, खाली मोकळं सोडा. विणकाम ताणतं, कापड ताणत नाही. चारी बाजूंनी शिवलंत तर टॉप फुग्यासारखा दिसेल. नाहीतर साधी सुती शमीज उत्तम.

नमुन्यांचं असं की अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला खांब आणि ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ लिहिलेलं दिसलं की तो अमेरिकन समजा, ब्रिटिश पद्धतीत सिंगल हा शब्द वापरत नाहीत.

प्रश्न : मी चिपळूणला असते. नणंदेच्या मैत्रिणीला माझा टॉप आवडला. ‘मलाही एक करून दे, चारशे रुपये देईन’ म्हणाली. नाही म्हणायला संकोच वाटतो. काय करू?

उत्तर : नाही म्हणा, किंवा हिशेब सांगून खरा भाव सांगा. हे पत्र वाचून मी कागद घेऊन बसले. आठ फेऱ्यांच्या एका चौकोनात ४३२ खांब असतात. पहिल्या फेरीत बारा, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, असं आठवीत शहाण्णवपर्यंत जातं. सतरा चौकोनांचे झाले ७,३४४. मी चाळीस वर्षं विणतेय तरी मला एका चौकोनाला पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे नुसते चौकोनच दहा-अकरा तास. चार रंग घेतलेत तर प्रत्येक चौकोनाला आठ शेपट्या (दोऱ्याची सुटी टोकं), एकूण १३६, आणि त्यातली एकेक उलटसुलट तीनदा फिरवून आत दडवायची, नाहीतर धुण्यात सुटते. जोडणी, काठ आणि शेपट्या मिळून आणखी पाच-सहा तास धरा. चारशे रुपयांतून दोऱ्याचे पैसे वजा केले की तुमच्या तासाला काय उरतं ते तुम्हीच बघा.

स्वेटर मशीनवर विणला जातो, लेससुद्धा मशीनवर होते. क्रोशाचं तसं नाही, खरा क्रोशा अजून हातानेच होतो. बाजारात स्वस्तात लटकलेला क्रोशाचा टॉप दिसला की माझ्या पोटात कालवतं, कारण तोही कुठल्यातरी बाईने टाका टाका करत विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूर भागात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरी बसून क्रोशाची लेस विणतात, ती परदेशात जाते, आणि विणणारीच्या हातात त्यातलं फार थोडं पडतं. तुम्ही तरी आपल्या हाताचा भाव आपणहून पाडू नका. नणंदबाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर मैत्रिणीला घरी बोलवा, सुई द्या, पहिला चौकोन शिकवा. तो फुकट शिकवायला माझी काही हरकत नाही.

प्रश्न : आई जाऊन दीड वर्ष झालं. तिच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात बांधलेले बावीस चौकोन सापडले, सव्वाचार इंचाचे, बदामी आणि हिरव्या रंगाचे. कशासाठी विणत होती माहीत नाही. मला त्यांचा टॉप करून या मे महिन्यात घालायचाय. माझी छाती ३८. जमेल का? — अकोल्याहून

उत्तर : जमेल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

आधी दोरा ओळखा. चौकोनाची एखादी शेपटी पाव इंच कापून चिमट्यात धरा आणि ज्योतीला लावा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख, तर सूत. केस जळल्याचा वास, तर खरी लोकर. वितळून टणक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. सूत निघालं तरच उन्हाळी टॉप करा. अ‍ॅक्रिलिक असेल तर तुमच्या मांडीवर पांघरायची छोटी चादर करा, आणि तिला कडक इस्त्री चुकूनही लावू नका, एकदा पडली की परत फुलत नाही.

सूत आहे असं धरून पुढचं सांगते. प्रत्येक चौकोनाभोवती तुमच्या हाताची एक फेरी घाला, त्याच जाडीच्या पांढऱ्या दोऱ्याने. हुबेहूब बदामी किंवा हिरवा शोधत फिरू नका, जुन्या रंगाला नवा दोरा जुळत नाही आणि जुळवलेला जास्तच खटकतो. एका फेरीने चौकोन जवळजवळ पाच इंच होईल. आईचा हात कधी सैल, कधी आवळ पडला असेल. कोणता चौकोन सव्वाचार, कोणता चारच भरेल. लहान राहिलेल्याला थोडी जाड सुई घ्या, मोठ्याला बारीक, की सगळे एका मापात येतात.

मग आठ चौकोनांचं कडं, तशी दोन कडी एकावर एक. सोळा झाले, घेर ४० इंच. उरले सहा. तीन-तीनच्या दोन पट्ट्या करा. पुढून खांद्यावरून मागे, पंधरा इंच. पट्ट्या अगदी कडेला न लावता दोन्हीकडून एकेक इंच आत सरकवा, म्हणजे गळा आठ इंचांवर येईल. उंची साडेसतरा इंचच होते, म्हणून खाली खांबांच्या पाच-सहा ओळी तुम्ही वाढवा. बावीसच्या बावीस लागतात, एकही उरत नाही.

जोडण्याआधी सगळे चौकोन साध्या पाण्यात तासभर भिजवा, जुन्या घडीचे डाग असतील तर सौम्य साबण. वाळवताना टाचण्या स्टीलच्या घ्या. साध्या लोखंडी टाचणीचा गंज ओल्या सुतावर उतरतो आणि तो डाग जात नाही.