ते गाणं पुसू नकोस

प्रिय,

तुझा मेल वाचला. एवढ्या लांबलचक तक्रारीत मुद्दा एकच. मित्राच्या खोलीत टवाळकी म्हणून केलेलं गाणं त्याला लोकांपुढे आणायचंय, आणि तुला ते पुसून टाकायचंय. ‘माझी खरी गाणी वेगळी आहेत,’ असं तू लिहिलंयस. असतील. पण पुसायच्या आधी बेक हॅन्सन या अमेरिकन गायकाचं ‘लूझर’ हेडफोन लावून नीट ऐक.

सुरुवातीला स्लाइड गिटारचा छोटा तुकडा, तोच फिरून फिरून येतो. खालचे सुस्तावलेले ड्रम त्या दिवशी कुणी वाजवलेलेच नाहीत, ते जॉनी जेन्किन्स या गिटारवाल्याच्या १९७० सालच्या रेकॉर्डवरून उचललेत. मध्येच सतार येते. राग वगैरे काही शोधू नकोस, नुसता झणत्कार आहे. त्यावर एक पोरगा अर्थाचा पत्ता लागणार नाही अशा ओळी रॅप करतो आणि ध्रुवपदात आधी स्पॅनिशमध्ये, मग इंग्रजीत स्वतःलाच हरलेला ठरवतो.

हा पोरगा तेव्हा नुकता विशीत आलेला. नववीनंतर शाळा सोडलेली, जुन्या मिसिसिपी ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुखऱ्या गाण्यांचं वेड. न्यूयॉर्कच्या अँटी-फोक, म्हणजे लोकगीतं मुद्दाम खडबडीत करून गाणाऱ्या मंडळींत काही काळ काढून हात हलवत लॉस एंजेलिसला परत आलेला. दिवसा पडेल ते काम करायचं, कधी यंत्राने पालापाचोळा उडवायचा, कधी व्हिडिओच्या दुकानात कॅसेट लावायच्या. रात्री क्लबात दोन बँडच्या मधल्या वेळात गिटार घेऊन उभं राहायचं. मधला वेळ म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मागे पुढच्या बँडचे ड्रम मांडले जातायत, लोक ग्लास भरायला उठलेत, आणि तुम्ही सन हाउस या जुन्या ब्लूज गायकाचं गाणं जीव तोडून गाताय. कुणी ढुंकूनही बघत नाही म्हटल्यावर बेक जागच्या जागी काहीतरी अचाट रचून म्हणायचा, कुणाचं लक्ष आहे का ते चाचपायला. ‘लूझर’ म्हणजे त्याच खोडीचा पुढचा भाग, असं त्याने स्वतःच सांगितलंय.

बाँग लोड नावाच्या छोट्या लेबलच्या टॉम रॉथरॉकने त्याला कार्ल स्टीफन्सनच्या घरी नेऊन गाठ घालून दिली. स्टीफन्सन हिपहॉपवाला. बेकने वाजवलेला गिटारचा तुकडा त्याने लूप केला, म्हणजे फिरून फिरून वाजता ठेवला, ड्रम जोडले, सतार चढवली. बेक रॅप करायला गेला. ऐकून बघितलं तर आपल्याइतका भिकार रॅपर दुसरा नसेल असं त्याला वाटलं, आणि तेच त्याने ध्रुवपद केलं. सहा-साडेसहा तासांत काम आटोपलं. लोक हे तास मोठ्या कौतुकाने सांगतात. त्याआधी रिकाम्या टेबलांपुढे गेलेल्या रात्री कुणी मोजत नाही. ब्लूजमध्ये बोटं मुरलेली नसती तर तो पहिला तुकडा आला कुठून असता?

पुढचं तुझ्याशी जास्त जुळतं. बेकला ते गाणं काही विशेष वाटलं नव्हतं. वर्षभराहून जास्त काळ ते तसंच पडून होतं. रॉथरॉक मात्र चिकटून राहिला. मार्च १९९३ मध्ये ५०० रेकॉर्ड काढल्या, बस्स. केएक्सएलयू या कॉलेज रेडिओने ते वाजवलं, मग केसीआरडब्ल्यूने, मग केआरओक्यूसारख्या बड्या स्टेशनने. मोठ्या कंपन्यांची रीघ लागली. त्यातल्या गेफेन कंपनीच्या डीजीसी लेबलने १९९४ च्या सुरुवातीला ते पुन्हा बाजारात आणलं आणि ते बिलबोर्डच्या हॉट १०० या अमेरिकन लोकप्रियता यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. तेव्हा तुझ्या मित्राचं ऐक. आपल्या गाण्याचा आपणच न्याय करायला बसलो की बहुतेक वेळा मेहनतीला मार्क देतो, गाण्याला नाही.

तुझी खरी भीती मला वेगळीच दिसते. हे चाललं तर लोक तुला विनोदी गाण्यांची बाई म्हणतील. म्हणतील की. बेकला आळशी पिढीचा प्रवक्ता करून टाकलं होतं, आणि तो सांगत राहिला की बाबांनो, मी तासाच्या तुटपुंज्या मजुरीवर जगत होतो, आळसाला वेळ होता कुठे? पण तो नुसता चिडत बसला नाही. मला त्या गाण्यापेक्षाही त्याचा करार आवडतो. डीजीसीशी सही करताना त्याने छोट्या लेबलांवरही रेकॉर्ड काढायची मुभा ठेवून घेतली, आणि १९९४ याच एका वर्षात ‘लूझर’ असलेल्या ‘मेलो गोल्ड’ अल्बमखेरीज दोन अल्बम तसे बाहेर काढले. त्यातला ‘वन फूट इन द ग्रेव्ह’ तर साधा, खरखरीत, लोकगीतांच्या वळणाचा. ‘लूझर’ ऐकून आलेले किती जण त्याने बुचकळ्यात पडले असतील! दोन वर्षांनी ‘ओडले’ हा अल्बम आला, त्याला ग्रॅमी मिळाली, आणि एका गाण्याचा धनी हे बोलणं बंद झालं.

आता कामाचं. ‘लूझर’च्या श्रेयात बेकइतकंच स्टीफन्सनचं नाव आहे. तुझ्या गाण्याचा ठेका आणि की-बोर्ड मित्राचा आहे, म्हणजे तोही वाटेकरी. दोस्तीत कसला कागद, असं म्हणू नकोस. कुणाचे किती टक्के ते आज, गाण्याची किंमत शून्य असताना लिहून सह्या करा, नंतर भांडणं होतात. मध्ये जो जुन्या चित्रपटगीताचा तुकडा घातलाय, त्याची परवानगी काढा, नाहीतर तो काढून टाका. माझ्या मते काढाच, त्याने तुझा शेवटचा अंतरा झाकला जातोय. आणि तुझी ती दोन संथ गाणी याच महिन्यात रेकॉर्ड करून तयार ठेव. पहिल्या गाण्यामागून कुणी विचारत आलंच, तर हातात काहीतरी असू दे.

मिक्स पाठव. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल पाठव.

तुझा,
दादा