परदेशातून एमबीबीएसचा अर्ज: दहावी कुठे झाली ते आधी बघा

प्रश्न: आम्ही अकरा वर्षं अबू धाबीत आहोत. मुलगी इथल्या सीबीएसई शाळेत बारावीला आहे, दहावीही इथेच झाली. नाशिकचं अधिवास प्रमाणपत्र आहे. महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यात तिला जागा मिळेल का? धाकटा आठवीत आहे.

उत्तर: मुलीला नाही मिळणार. नुसतं अधिवास प्रमाणपत्र पुरत नाही. दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण लागतात. सवलत आहे ती मुख्यतः बदलीच्या सरकारी नोकरीत असलेल्यांच्या मुलांना, आखातातली खासगी नोकरी तीत बसत नाही. फक्त अकरावी-बारावीला मुलांना गावी पाठवणारे पालक इथेच फसतात. धाकट्यासाठी राज्याचा कोटा हवा असेल तर त्याची दहावी महाराष्ट्रात होईल अशी सोय आत्ताच बघा.

मुलीला तीन वाटा उरतात: सरकारी कॉलेजांतला १५ टक्के अखिल भारतीय कोटा (भारतीय पासपोर्ट आहे, अधिवास लागत नाही, पण गुण भरपूर लागतात), अभिमत (डीम्ड) विद्यापीठं, आणि खासगी कॉलेजांच्या संस्थास्तरीय कोट्यातल्या एनआरआय जागा. नीट ही प्रवेश परीक्षा मात्र सगळीकडे सक्तीची. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण हवीत. २०२५ मध्ये परदेशी केंद्राचं शुल्क ९,५०० रुपये होतं. पेपर भारतात दुपारी दोनला सुरू होतो, म्हणजे तुमच्याकडे साडेबाराला.

अभिमत विद्यापीठांचे प्रवेश एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) करते. नोंदणीचे ५,००० रुपये परत मिळत नाहीत. अनामत २ लाख. ती ज्या खात्यातून भरली त्याच खात्यात परत येते, तेव्हा मित्राच्या किंवा एजंटच्या कार्डावरून भरू नका. नीटच्या फॉर्मवर 'भारतीय' लिहिलं असेल तर एनआरआय म्हणून बदल करायला एमसीसी पहिल्या फेरीआधी थोडे दिवस देते. त्या मुदतीत वडिलांचा पासपोर्ट आणि व्हिसा, दूतावासाचा एनआरआय असल्याचा दाखला, नात्याचा पुरावा, संपूर्ण शुल्क भरण्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि नीटचं गुणपत्रक ईमेलने पाठवायचं असतं. दूतावासाचा दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा.

सगळ्यात जास्त अडतं ते नावांवर. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसतं नाव-आडनाव, पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव. नीटचा फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरा. आईच्या दोन्ही नावांसाठी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद जोडा.

एक सावधगिरी. एनआरआय जागेसाठी एजंट कुणाचाही लांबचा काका 'प्रायोजक' (शुल्क भरणारा) म्हणून दाखवायला तयार असतात. या जागा खऱ्या एनआरआयंच्या मुलांसाठी आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या इनामदार निकालात सांगितलं, आणि लांबच्या नातेवाईकांना त्यात घुसवण्याचा पंजाबचा प्रयत्न सप्टेंबर २०२४ मध्ये फेटाळला. तुमच्या मुलीचे वडीलच एनआरआय आहेत, तिला अशा काकाची गरज नाही.

प्रश्न: आमचा मुलगा न्यू जर्सीत जन्मला, अमेरिकन नागरिक आहे. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) २०१० सालचं. त्याला फक्त एनआरआय जागाच का?

उत्तर: तारीख तुमच्या बाजूने आहे. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयधारकांना एनआरआय जागांपुरतं मर्यादित केलं. पण त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना ती लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ फेब्रुवारी २०२३ ला दिला. कार्डाचं नूतनीकरण झालं असेल तर जुन्या कार्डाची प्रत जपून ठेवा. पहिली तारीख तिच्यावरच सापडते.

तुमची खरी अडचण विषयांची होऊ शकते. अनेक अमेरिकन शाळांत जीवशास्त्र नववीतच संपतं. अकरावी-बारावीच्या ट्रान्सक्रिप्टवर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी चारही दिसतील असे विषय शाळेच्या समुपदेशकाकडून आत्ताच ठरवून घ्या. पुढे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल.