फायब्रॉइडची बाई नेहमी आपल्याच ओपीडीत येत नाही

चि. डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

गायनॅकची रेसिडेन्सी मिळाली, छान झालं. जास्त अंगावरून जातंय, हिमोग्लोबिन ७, सोनोग्राफीत गाठ, असे फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंतल्या गाठी, तू कंटाळा येईपर्यंत बघशील. ते तुला कुणीही शिकवेल. मी लिहितेय ते सर्जरीत, मेडिसिनमध्ये नाहीतर रात्री कॅज्युअल्टीत सापडणाऱ्या बायकांबद्दल.

लघवी तुंबलेली बाई घे. पाळीची तक्रार नाही. कॅथेटर (लघवीची नळी) टाकून घरी पाठवलेली, पुढच्या महिन्यात पुन्हा हजर. तिला विचार, हे पाळीच्या आधीच होतं का? मागच्या भिंतीवरची गाठ कटिपोकळीत अडकून बसते, पाळीच्या तोंडावर रक्त साठून आणखी फुगते आणि लघवीची वाट दाबते. पीव्ही, म्हणजे योनिमार्गातून बोटांनी तपासणी, कॅथेटर टाकल्यावरच कर. भरलेलं मूत्राशय चाचपून 'मोठी गाठ' असं बिनदिक्कत लिहिणारे कमी नाहीत. बोटांना गर्भाशयाचं तोंड सापडेना, तर पुढे, प्युबिक हाडाच्या मागे वर शोध. तिथे ओढलं गेलेलं असतं. सोनोग्राफीत किडन्याही बघायला सांग. मूत्रवाहिनी दाबली जाऊन किडनी सुजते आणि बाईला पत्ताही नसतो.

कधी त्या सातच्या उलट, हिमोग्लोबिन १८. आपल्याकडे पहिला संशय लॅबवरच जातो! पण क्वचित एखादी मोठी गाठ स्वतःच एरिथ्रोपोएटिन, म्हणजे लाल पेशी वाढवणारं हार्मोन, तयार करते. गाठ काढली की आकडा उतरतो. तोवर रक्त दाट, शिवाय गाठीखाली शिरा दबलेल्या. एकच पाय सुजला असेल तर आधी डॉपलर (शिरेत गुठळी आहे का बघणारी सोनोग्राफी), ऑपरेशनची तारीख मग.

गरोदर बाई पोटातली दुखरी जागा बोटाने दाखवते, थोडा ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. बहुधा रेड डिजनरेशन, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडून गाठ आतून मरायला लागणं. अपेंडिक्स नाही ना, हे सर्जनना दाखवून घे. मग विश्रांती, पॅरासिटामॉल, धीर. नातेवाइकांनी कितीही घाई केली तरी तेव्हा गाठ काढायला जायचं नाही, रक्तस्राव आवरत नाही.

शिरांतून थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत चढणारा फायब्रॉइडचा प्रकारही असतो. परीक्षेपुरता वाचून ठेव.

मला धास्ती वाटते ती गाठीवरची शीर फुटण्याची. दुर्मीळ आहे, पण वेळ देत नाही. अचानक पोटात कळ, बाई पांढरीफटक, नाडी १२०, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह. त्या टेस्टने एक्टोपिकची (गर्भाशयाबाहेरच्या गर्भाची) शंका बहुतेक मिटली, पोटात रक्त नाही असं कुठे ठरलं? बीपी घसरत असेल तर सीटीच्या रांगेत थांबू नकोस. रक्त मागव, भूलतज्ज्ञांना कळव आणि कितीही वाजले असोत, मला उठव.

तुझी,
मॅडम