‘माका होया’ म्हणजे काय?

मालवणच्या शाळेत पहिलीचा वर्ग मिळालाय ना? मग ऐक. पोरगं “बाई, माका पाणी होया” म्हणालं की आधी पाणी दे. “मला हवं म्हण” करत बसू नकोस. मी मालवणात नवी असताना “मी घराक जातंय” म्हणणाऱ्या मुलाला “जातो म्हण” म्हणून तीनदा अडवलं. मालवणीत मुलगा काय, मुलगी काय, दोघंही ‘जातंय’च म्हणतात, हे मला कुठे ठाऊक! चौथ्यांदा त्याने तोंडच उघडलं नाही. पोट दुखत होतं बिचाऱ्याचं. प्रमाण मराठी पुस्तकातून येईल हळूहळू. तोवर डबा उघडला की “काय हाडलंस?” (काय आणलंस?) विचार. तुझा उच्चार ऐकून हसतील (हसू दे), मग बांगड्याच्या तिखल्यापासून आजीच्या भांडणापर्यंत सगळं सांगत सुटतील.